प्रश्नोत्तरे : बॉयलर तळात, सोलर गच्चीवर

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. यंदा त्यानं तिथं एक जुनं घर घेतलं. घर उबदार राहावं म्हणून तळमजल्यावर गॅसचा बॉयलर आणि प्रत्येक खोलीत भिंतीलगत रेडिएटर आहेत. बॉयलरजवळच्या खोल्या छान तापतात, पण शेवटच्या खोलीतला, म्हणजे नातीच्या खोलीतला रेडिएटर नुसता कोमट होतो. तिथला मिस्त्री म्हणतो, घरभर एकच पाइप फिरवलाय, तो बदलून दोन पाइपांचं काम करावं लागेल. इकडं निपाणीत आमचं दुमजली घर आहे. गच्चीवर शंभर लिटरचा सोलर आहे आणि तिथून खालच्या न्हाणीपर्यंत जुनी एक इंची जीआयची लाईन, साधारण साठ फूट. पहाटे गरम पाण्याची चावी सोडली की अर्धी बादली गार पाणी वाहून जातं, मग कुठं गरम येतं. आमचा प्लंबर म्हणतो, परदेशात करतात तशी परतीची लाईन टाकू, चावी उघडली की लगेच गरम. दोन्हीकडचं दुखणं एकच आहे का? मुलाला काय सांगू आणि इथं काय करू?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मुलाला खुशाल दुसरा पाइप टाकायला सांगा. तुम्ही मात्र टाकू नका. लक्षणं सारखी वाटली तरी दोन्ही घरांत पाण्याचं काम वेगळं आहे, आणि मुख्य म्हणजे पाणी तापवायची जागा उलटसुलट आहे.

आधी मुलाच्या घराचं बघू. तिथल्या पाइपातलं पाणी कुणी वापरत नाही. बॉयलरमध्ये तापायचं, खोल्याखोल्यांतून ऊब देत फिरायचं आणि निवून पुन्हा बॉयलरमध्ये यायचं, एवढंच त्याचं काम. एका पाइपाच्या जुन्या पद्धतीत बॉयलरमधून निघालेला जाडसर पाइप घराला वळसा घालून परत बॉयलरला येऊन मिळतो. प्रत्येक रेडिएटरची दोन्ही तोंडं याच पाइपाला जोडलेली असतात. म्हणजे रेडिएटर ज्या पाइपातून गरम पाणी घेतो, त्याच पाइपात थोडं पुढं निवलेलं पाणी सोडतो. पुढच्याच्या वाट्याला हे मिसळलेलं पाणी येतं, त्याच्या पुढच्याला त्याहून निवलेलं.

आकड्यांत सांगायचं तर समजा, बॉयलरमधून पाणी ७५ अंशांना निघालं आणि दर रेडिएटरनंतर वाटेतलं पाणी चार-पाच अंशांनी उतरत गेलं. पाचव्या-सहाव्या रेडिएटरशी ते ५५ वर येतं. आता खोली २० अंशांची धरली, तर पहिल्या रेडिएटरला खोलीपेक्षा ५५ अंश जास्त मिळाले आणि शेवटच्याला ३५. रेडिएटरची ऊब या फरकाच्या प्रमाणापेक्षाही थोडी जास्त वेगानं घटते. त्यामुळं तेवढ्याच आकाराचा शेवटचा रेडिएटर पहिल्याच्या निम्म्याहून जराशीच जास्त ऊब देतो. नातीची खोली गार राहते ती यामुळं. त्या काळच्या जाणत्या मिस्त्रींना हे ठाऊक होतं, म्हणून ते शेवटी मोठा रेडिएटर बसवत. पुढं कुणीतरी घर सजवताना तो काढून छोटा, देखणा रेडिएटर लावलेला असतो.

दोन पाइपांच्या पद्धतीत गरम पाणी नेणारा पाइप वेगळा आणि निवलेलं आणणारा वेगळा. प्रत्येक रेडिएटरचं एक तोंड जाणाऱ्या पाइपावर, दुसरं परतीच्या पाइपावर. निवलेलं पाणी पुढच्याच्या वाटेत येतच नाही, म्हणून सगळ्यांना जवळपास सारखंच गरम पाणी पोचतं. मुलाचा मिस्त्री बरोबर बोलतोय.

पण फरशा आणि फळ्या उचकटण्याआधी तीन गोष्टी बघायला सांगा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातली छोटी किल्ली फिरवून अडकलेली हवा काढलीय का? वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर दोष हवेचा. उलट खालचा मधला भाग गार असेल, तर लोखंड गंजून झालेला काळा गाळ तळाशी बसलाय; तो धुऊन काढावा लागतो, नाहीतर नव्या पाइपांतही तोच गाळ फिरणार. आणि पंप पुरेशा वेगावर आहे का? या तिन्हींतून खोली तापली तर मोठा खर्च टळला.

नाही तापली तर बदल करायचा, आणि इथं एक सोय आहे. जुना वळसा सहसा २२ किंवा २८ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपाचा असतो. तो काढून टाकायची गरज नाही. तोच पाणी नेणारा पाइप म्हणून ठेवायचा आणि शेजारून परतीचा एकच नवा पाइप टाकायचा. प्रत्येक रेडिएटरचं परतीचं तोंड जुन्या पाइपावरून काढून नव्यावर आणायचं आणि सुटलेल्या जागी जुन्या पाइपाला टोपी मारायची.

यात एक चूक वारंवार होते. जुन्या वळशाचं शेवटचं टोक बॉयलरला मिळालेलं असतं. शेवटच्या रेडिएटरनंतर ते तोडून बंद केलं नाही, तर पाण्याला थेट बॉयलरकडं जायची मोकळी वाट राहते. रेडिएटरमधून जायला पाण्याला जोर लागतो, मोकळ्या पाइपातून लागत नाही. सगळं पाणी तिथूनच परत जातं, आणि खर्च करूनही खोल्या गारच. मुलाला हा प्रश्न मिस्त्रीला मुद्दाम विचारायला सांगा : “जुन्या वळशाचं टोक कुठं तोडणार?” त्याच्या उत्तरावरून मिस्त्री किती जाणता आहे ते कळेल.

दुसरी गोष्ट नवा पाइप कुठून सुरू करायचा याची. नेहमीची रीत अशी की परतीचा पाइप शेवटच्या रेडिएटरपासून निघून आल्या वाटेनं मागं येतो. मग जवळच्या रेडिएटरचा एकूण रस्ता अगदी छोटा आणि लांबच्याचा सर्वात मोठा होतो. पाणी जवळच्यातूनच पळतं, आणि मग जवळच्या रेडिएटरची झाकलेली चावी थोडी थोडी आवळून हिशेब जुळवत बसावं लागतं. पण ज्या घरात पाइप आधीच वळसा घालून बॉयलरपाशी येतो, तिथं परतीचा पाइप पहिल्या रेडिएटरपासून सुरू करून गरम पाइपाच्याच दिशेनं पुढं नेता येतो. ज्याला पाणी पहिल्यांदा मिळालं, त्याचं पाणी सर्वात लांबून परतणार. ज्याला शेवटी मिळालं, त्याचं सर्वात जवळून. प्रत्येक रेडिएटरचा जाण्या-येण्याचा रस्ता मिळून जवळपास सारखाच भरतो. जर्मनीतले लोक या मांडणीला टिशेलमान या अभियंत्याच्या नावानं ओळखतात. मला ती फार आवडते, कारण पाणी आपोआप सारखं वाटलं जातं आणि चाव्या आवळण्याचं काम अगदी थोडं उरतं. जुन्या एकपाइपी घरात ती फारसा जादा पाइप न लागता बसते.

वरच्या मजल्यावर लाकडी तुळया आणि फळ्या असतील तर काम सोपं. तळमजला काँक्रीटचा असेल तर जमीन फोडण्यापेक्षा पाइप वरून भिंतीलगत उतरवलेले बरे. बॉयलरला हात लावायचा तर तिथं ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेलाच माणूस लागतो, तो कायदाच आहे. शेवटी पाणी भरताना गंजरोधक औषध घालायला विसरू नये.

आता निपाणी.

तुमच्या लाईनमध्ये पाणी फिरत नाही, ते एकदाच वरून खाली येतं आणि बादलीत पडतं. चावी बंद झाली की पाइपात उरलेलं पाणी तिथंच निवतं. रात्री कुणी आंघोळ करत नाही, त्यामुळं पहाटे साठ फूट पाइपातलं सगळं पाणी गार झालेलं असतं. एक इंची जीआय पाइपात मीटरमागे साधारण ५८० मिलिलिटर पाणी मावतं. साठ फूट म्हणजे सुमारे १८ मीटर. १८ मीटरांत साडेदहा लिटर. तुमची अर्धी बादली ती हीच.

हिशेब इथं संपत नाही. एक इंची जीआय पाइपाचं वजन मीटरला अडीच किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या भिंतीत ४५ किलो लोखंड आहे. गार पाणी निघून गेल्यावर मागून येणारं गरम पाणी आधी हे लोखंड तापवतं. एवढं लोखंड तापायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत जवळपास पाच लिटर पाणी तेवढंच तापलं असतं. म्हणून गार पाणी गेल्यावरही बराच वेळ नुसतं कोमट येत राहतं.

मग प्लंबरची परतीची लाईन काय करेल? पाणी तापलं की हलकं होतं. २० अंशांच्या लिटरभर पाण्याचं वजन ९९८ ग्रॅम, ६० अंशांच्या पाण्याचं ९८३ ग्रॅम. फरक फक्त १५ ग्रॅमचा, पण तेवढ्या जोरावर पाणी वर चढतं. तुमच्या घरात कधी तांब्याचा बंब असेल तर आठवून बघा. त्याची चावी वरच्या अंगाला असते. नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीनं थेट तळाशी जातं आणि वर थांबलेलं कढत पाणी चावीतून बाहेर पडतं. गार खाली, गरम वर, मध्ये फारशी मिसळ नाही. सोलरची टाकीही याच तत्त्वावर चालते. काचेच्या नळ्यांत तापलेलं पाणी आपसूक टाकीत चढतं, तळाचं गार पाणी नळ्यांत उतरतं. पंप लागत नाही.

इंग्लंडातल्या जुन्या घरांत बॉयलर तळाशी आणि खोल्या वर, त्यामुळं पूर्वी पंपाशिवायही पाणी जाड पाइपांतून घरभर फिरायचं. गरम पाणी चढायचं, निवलेलं उतरायचं. तुमच्याकडं मात्र गरम पाणी गच्चीवर आणि न्हाणी तळाशी. परतीची लाईन टाकली, तर त्या लाईनमधलं पाणी जास्त निवलेलं, म्हणजे जास्त जड असणार, आणि नेमकं तेच वर चढायला हवं. जड पाणी आपण होऊन चढत नाही. वळसा पुरा झाला तरी पाणी जागचं हलणार नाही. हे प्लंबरनं सांगितलं नसेल, तर त्याला बॉयलर खाली असलेलं काम माहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याची नियत खोटी नव्हे.

पंप लावून फिरवता येतं. हॉटेलं आणि इस्पितळं तसंच करतात, कारण तिथं चोवीस तास कुणी ना कुणी चावी उघडत असतो. घरात काय होईल ते बघा. उघड्या पाऊण इंची पाइपातून ६० अंशांचं पाणी फिरत असेल, तर मीटरमागे वीस-पंचवीस वॅट उष्णता वाया जाते. जाण्या-येण्याचा मिळून ३० मीटरचा वळसा धरला तर ६०० वॅटच्या वर. रात्रीचे आठ तास म्हणजे जवळपास पाच युनिट. आणि शंभर लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला किती लागतात? साडेचार युनिटांपेक्षा थोडे जास्त. पाणी निवत जाईल तसा हा तोटा कमी होतो, त्यामुळं सगळीच टाकी गार होणार नाही. पण दिवसभराच्या उन्हाची मोठी कमाई रात्रभरात भिंतींना वाटली जाईल. शिवाय परत आलेलं पाणी टाकीतला गार-गरमचा थर ढवळून टाकतं. पाच-दहा लिटर वाचवायला शंभर लिटर कोमट करायचे, हा सौदा मला पटत नाही. परतीची लाईन हवीच असेल तर बटण दाबल्यावर मिनिट-दोन मिनिटं चालेल एवढाच पंप लावावा.

त्यापेक्षा पैसे सरळ लाईनवर खर्च करा. जुना जीआय काढून खालच्या न्हाणीसाठी सीपीव्हीसीची अर्धा इंची स्वतंत्र लाईन टाका. अर्धा इंची सीपीव्हीसीत मीटरमागे सुमारे १२० मिलिलिटर पाणी मावतं. १८ मीटरांत सव्वादोन लिटरच्या आत. साडेदहा लिटरचे सव्वादोन, आणि तापवायला ४५ किलो लोखंडही नाही. “अर्ध्या इंचात धार येईल का?” असं प्लंबर म्हणेल. टाकीपासून न्हाणीपर्यंत सहा-सात मीटर उतार आहे. मिनिटाला आठ लिटरची धार आरामात मिळेल. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीला मात्र हे लागू नाही. ती टाकीच्या अगदी खाली असते, दाब थोडा, म्हणून तिथं पाऊण इंचच ठेवा. स्वयंपाकघराची लाईनही वेगळी काढता आली तर उत्तम. भांडी घासताना दर वेळी न्हाणीपर्यंतचा पाइप भरण्यात काही अर्थ नाही.

लाईन जितकी आखूड तितकी चांगली. गच्चीवरून जिन्याच्या कडेनं फिरवत आणण्याऐवजी न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवरून सरळ उतरवा. गच्चीवरच्या आणि भिंतीबाहेरच्या पाइपावर काळ्या फोमची नळी चढवून वरून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा. नुसता फोम आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत भुगा होतो. पांढरा साधा पीव्हीसी गरम पाण्याला कुणी स्वस्त म्हणून लावू पाहील, लावू देऊ नका. तो साठ अंशांच्या पाण्यात मऊ पडतो आणि सांध्यांतून सुटतो.

आणि पाइप बदलण्याआधी एक तपासणी नक्की करा, फुकट आहे. सोलरच्या टाकीत जाणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि न्हाणीतली गरम पाण्याची चावी सोडा. टाकीतून गरम पाणी वरच्या तोंडातून निघतं, त्यामुळं खालून गार पाणी भरणं थांबलं की थोड्याच वेळात धार आटायला हवी. ती आटली नाही, तर गार पाणी कुठून तरी गरम लाईनमध्ये घुसतंय. बहुतेक वेळा गुन्हेगार सापडतो तो मिक्सर : गार आणि गरम दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हातातल्या शॉवरचं बटण तेवढं बंद केलेलं असतं, आणि दोन्ही लाईनी आतून एक झालेल्या असतात. अशा घरात कितीही पाइप बदला, पाणी कोमटच येणार.

प्रश्न : बेळगावात आमच्या भागात चोवीस तास नळ असतो आणि दाबही चांगला आहे. गच्चीवरची गार पाण्याची टाकी काढून नळाची लाईन थेट सोलरला जोडली तर शॉवरला जोर येईल का? की प्रेशर पंप लावू?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : जोर येईल, आणि टाकीही फुटेल. राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचं पाणी दिवसाआड साठवून ठेवायची सवय बेळगावला होती. २००८ मध्ये शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हापासून गच्चीवरची टाकी आता कशाला, हा प्रश्न घरोघरी निघतो. गार पाण्यासाठी तो रास्त आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांवर जो काचेच्या नळ्यांचा सोलर असतो, तो बिनदाबाचा असतो. त्याची आतली टाकी पातळ पत्र्याची, आणि काचेच्या नळ्या टाकीत नुसत्या रबरी कड्यांवर बसवलेल्या. एक-दीड माणूस उंचीच्या पाण्याचा दाब तिला चालतो. नळाचा किंवा पंपाचा चालत नाही. कडी सुटतात, नळी निसटते आणि कढत पाणी गच्चीवर सांडतं.

म्हणून गार पाण्याची टाकी राहू द्या, आणि तिचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याच्या वर असू द्या, नाहीतर सोलर कधी पूर्ण भरणारच नाही. सोलरच्या टाकीवरून निघणारी हवेची उभी नळी गार पाण्याच्या टाकीच्या माथ्याहून उंच हवी. ती ठिबकते म्हणून बूच मारून बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. तसं कधीच करू नका. वाफेला आणि हवेला बाहेर पडायची ती एकमेव जागा आहे. खालून सगळं पाणी एकदम काढल्यावर आत हवा शिरते तीही तिथूनच. ती नसेल तर टाकी आत चेपते.

शॉवरला जोरच हवा असेल तर दाब सहन करणारा सोलर वेगळा मिळतो, महाग असतो. किंवा छोटा पंप सोलरच्या पुढं, गरम पाण्याच्या लाईनवर बसवावा, टाकीच्या मागं नव्हे. तो गरम पाणी सोसणारा असल्याची खात्री करून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात सोलर चालत नाही. आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब माळ्यावर आहे. तो सोलरच्या लाईनला जोडून टाकला तर?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बंब जरूर खाली काढा, कल्हई करून घ्या, पण लाईनला जोडू नका. बंब उघडं भांडं आहे आणि त्यातच त्याची सुरक्षितता आहे. दोन्ही बाजूंनी पाइप आणि चाव्या लावून तो बंदिस्त केला, कुणी चुकून दोन्ही चाव्या बंद ठेवल्या आणि खाली जाळ चालू राहिला, तर आतल्या वाफेला जायला जागा उरत नाही. जुन्या डागांचे सांधे एवढा दाब सोसत नाहीत.

सोलरचं पाणी न्हाणीतल्या चावीतून बादलीत घ्यायचं आणि नरसाळ्यातून बंबात ओतायचं, एवढंच करा. खानापूरच्या पावसातही ढगाळ उजेडावर सोलरमधलं पाणी थोडंफार तापलेलं असतं. नळाचं पाणी २२ अंशांचं आणि सोलरचं ३० अंशांचं धरलं, तर आंघोळीच्या ४२ अंशांपर्यंत जायला वीसऐवजी बाराच अंश चढावे लागतात. शेणी आणि करवंट्या चाळीस टक्क्यांनी कमी जळतात. बंबाच्या मधल्या नळकांड्यातली काजळी मात्र आठवड्याला खरवडून काढा, ती साचली की जाळ वाया जातो. आणि न्हाणीची वरची झरोक्याची खिडकी पावसाचा झोत येतो म्हणून लावून घेऊ नका. बंद न्हाणीत जळता बंब ठेवणं जिवावर बेतू शकतं.